एकोणीस अक्षरांचा एक शब्द

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत शिकलो. विज्ञान हा माझा आवडता विषय. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मी न अडखळता म्हणत असे आणि कोणी अर्थ विचारला तर फळ्यावर पान काढून समजावूनही देत असे. १९७७ साली दहावी झालो आणि तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला नाव घातले. पुस्तके इंग्रजीत, शिकवणे इंग्रजीत. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात जीवशास्त्राच्या तासाला सरांनी मला उभे केले आणि पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला.

पहिली ओळ निभावली. दुसऱ्या ओळीत एक शब्द आडवा पडला होता. जवळजवळ अर्धी ओळ अडवून बसलेला! आज सगळे ज्याला डीएनए म्हणतात त्याचे ते संपूर्ण नाव. मी "डेओ... डेओक्स्य... रिबो..." इथपर्यंत पोचलो आणि गाडी रुतली. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "ढकला रे!" आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. "बस खाली. नेक्स्ट."

त्या सहामाहीत मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न नव्हते असे नाही. पण प्रश्न विचारायचा तर त्यात तसला एखादा शब्द येणार, आणि शब्द आला की हसू येणार. तेव्हा गप्प बसलेले बरे.

दिवाळीच्या सुटीत गावी आलो. आमच्या शाळेत मराठी शिकवणारे गुरुजी ओट्यावर बसले होते. त्यांनी हाक मारली.

"काय रे, कॉलेज कसं चाललंय?"

"गुरुजी, मला आर्ट्सला जायचंय."

"का? गणित जमत नाही?"

"गणित जमतं. शब्द म्हणता येत नाहीत."

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "कुठला शब्द? तुमचे सर म्हणतात तसा मराठीत लिही बघू." मी वहीच्या मागच्या पानावर लिहिले : डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक. त्यांनी पेन्सिल घेतली आणि कविता पाडायला शिकवताना पाडत तशा उभ्या रेघा पाडल्या. डी । ऑक् । सि । राय । बो । न्यू । क्ली । इक.

"मोज."

"आठ."

"आठ अक्षरांचं काय असतं?"

"अनुष्टुभाचा चरण."

"लहानपणी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणायचास ना? मग असले चरण किती म्हटलेस त्याचा हिशेब कर. हा त्यातलाच एक. म्हण."

मी म्हटला. पहिल्यांदा हळू, मग टाळीवर, मग एका दमात. मग गुरुजींनी विचारले, "आता याचा विग्रह सांग." तोही मी सांगितला. 'डी' म्हणजे काढून घेतलेले, 'ऑक्सी' म्हणजे ऑक्सिजन, 'रायबो' म्हणजे रायबोज नावाची साखर आणि 'न्यूक्लिइक' म्हणजे पेशीच्या केंद्रकातले. रायबोज साखरेतला एक ऑक्सिजन कमी केलेले, केंद्रकात सापडणारे आम्ल. सांगता सांगता माझ्याच लक्षात आले, की हा शब्द म्हणजे सरळसरळ एक वाक्य आहे. आपला सामासिक शब्द असतो तसा. मला भीती वाटत होती ती शब्दाची नव्हती, त्याच्या लांबीची होती.

आणि गंमत अशी, की खुद्द शास्त्रज्ञांनीही तो तोडूनच लिहिला होता. वॉटसन आणि क्रिक यांचा 'नेचर'मधला २५ एप्रिल १९५३ चा तो जगप्रसिद्ध लेख. त्याच्या शीर्षकात 'डीऑक्सिरायबोज', 'न्यूक्लिइक' आणि 'ॲसिड' असे तीन सुटे शब्द आहेत.

मी आर्ट्सला गेलो नाही. जीवशास्त्रच शिकलो आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात तेच शिकवू लागलो.

मीही हसलो

इथे गोष्ट संपली असती तर सांगायला सोपी गेली असती. पण पुढचा भाग सांगितला नाही तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

शिकवू लागून सात-आठ वर्षे झाली होती. अकरावीच्या वर्गात एका वाडीवरून रोज एसटीने येणारी मुलगी होती. वही नीटनेटकी, आकृत्या छापल्यासारख्या. एकदा मी तिला उभे करून विचारले, की हिरव्या वनस्पती अन्न कसे तयार करतात? तिने उत्तर सुरू केले आणि 'फोटोसिंथेसिस' या शब्दापाशी तिची जीभ अडखळली. "फोटोसिन... फोटोसिंसे..." वर्ग हसला. आणि मी, ज्याला 'ढकला रे' अजून आठवत होते तो मी, हसलो. वाईट हेतूने नव्हे. पण हसण्याचा हेतू समोरच्याला कुठे दिसतो? त्याला फक्त दात दिसतात.

चार-पाच दिवसांनी ती वर्गात दिसेनाशी झाली. महिन्याभराने एसटी स्टँडवर तिची आई भेटली. म्हणाली, "सर, तिनं आर्ट्सला बदलून घेतलं. तिकडं काय बोलाय लागत न्हाई म्हनली." त्या बाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आपली माहिती देत होती. मला मात्र पुढची एसटी आली आणि गेली तरी कळले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम केला. तासाची पहिली पाच मिनिटे शब्दांची. धड्यात येणारे तीन-चार लांब शब्द फळ्यावर लिहायचे, सगळ्यांनी मिळून ते तोडायचे, टाळी देऊन म्हणायचे आणि मगच धडा उघडायचा. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, हा नियम मी मोडला नाही. त्या पाच मिनिटांत जे हाती लागले ते घरोघरच्या आईवडिलांना सांगावे म्हणून आज लिहितो आहे.

शेवटापासून मोजा

नुसती अक्षरे तोडून भागत नाही, हे मला लवकरच कळले. आपण मराठी माणसे शब्दातले प्रत्येक अक्षर बहुधा सारख्याच इमानाने उच्चारतो. अमुक अक्षरावर जोर दिला नाही म्हणून मराठीत शब्दाचा अर्थ बदलत नाही. इंग्रजीचे तसे नाही. तिथे शब्दातल्या एका अक्षराला राजा करतात आणि बाकीच्यांनी मान खाली घालायची. नुसती मानच नव्हे, आवाजही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर. त्याचे 'फोटोग्राफी' झाले की इंग्रज म्हणतो 'फटॉग्रफी'. जोर 'टॉ'वर गेला आणि 'फो'चा बिचारा 'फ' झाला. 'फोटोग्रॅफिक' म्हटले की जोर आणखी पुढे, 'ग्रॅ'वर. शब्द एकाच घरातले, पण गादीवर दर वेळी वेगळा.

मग जोर कुठे द्यायचा हे कसे ओळखायचे? मी बी.एड.ला असताना इंग्रजी उच्चारांवरचे एक पुस्तक हाती पडले होते. त्यात लॅटिन भाषेतला आघाताचा नियम होता. तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि गुरुजींची आठवण काढली.

लॅटिनचा नियम असा. शब्द शेवटापासून मोजायचा. शेवटून दुसरे अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर. ते लघू असेल तर जोर त्याच्या आधीच्या, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर. आता गुरू कोणते? स्वर दीर्घ असेल ते. किंवा ऱ्हस्व असूनही ज्याच्या पुढे जोडाक्षराचा धक्का येतो ते.

वाचकहो, हे ओळखीचे वाटते ना? 'यमाताराजभानसलगा' पाठ करताना आपण हेच शिकलो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला की ते गुरू. संस्कृत आणि लॅटिन या दूरच्या चुलतबहिणी. दोघींनी अक्षराचे वजन एकाच तराजूत तोलले. आणि इंग्रजीतले बहुतेक शास्त्रीय शब्द लॅटिनमधून, किंवा ग्रीकमधून लॅटिनच्या वाटेने आलेले. येताना ते हा नियमही सोबत घेऊन आले. म्हणजे मराठीच्या तासाला 'याचा पुढे काय उपयोग?' म्हणून ज्याला आपण नावे ठेवली, त्या लघुगुरूत इंग्रजीची किल्ली होती!

करून पाहा. निलगिरीच्या झाडाचे शास्त्रीय नाव : यु-क-लिप्-टस. शेवटून दुसरे 'लिप्'. पुढे 'प्ट' हे जोडाक्षर, म्हणून गुरू. जोर तिथेच. पाणघोडा : हि-प-पॉ-ट-मस. शेवटून दुसरे 'ट', लघू. म्हणून एक पाऊल मागे, जोर 'पॉ'वर. भौतिकशास्त्रातले मोमेंटम : मो-मेन्-टम. 'मेन्' गुरू, जोर त्यावर. हाय-ड्र-जन : 'ड्र' लघू, म्हणून जोर 'हाय'वर. आपण ज्याला थर्मामीटर म्हणतो त्यातला 'मी' आपण दीर्घ करून टाकला. मूळ उच्चारात तो लघू आहे : थर्-मॉ-मि-टर. म्हणून जोर 'मॉ'वर.

डॉक्टरांच्या दवाखान्यातले शब्दही याच शिस्तीत चालतात. 'अपेंडिक्स'मध्ये 'पेन्' गुरू. त्याला सूज आली की 'अपेंडिसायटिस'. आता शेवटून दुसरे 'साय', दीर्घ. जोर उडी मारून तिथे गेला. ब्राँकायटिस, टॉन्सिलायटिस, हेपॅटायटिस, सगळ्यांची तीच चाल. शेवटी 'ओसिस' असेल तर जोर 'ओ'वर : ऑस्मोसिस, मायटोसिस, ट्यूबरक्युलोसिस. शब्दाला नवे शेपूट लागले की जोर शेपटाकडे सरकतो, याचे कारण एवढेच की मोजणी शेवटापासून असते. मुले अडखळतात ती पुढून वाचत गेल्यामुळे. मी त्यांना सांगत असे, आधी शेवट बघा, जोराचे अक्षर धरा आणि मग सुरुवातीकडे जा. खुंटी सापडली की दोरी आपोआप ताणली जाते.

'फोटोसिंथेसिस' घ्या. फो-टो-सिन्-थ-सिस. शेवटून दुसरे 'थ', लघू. जोर 'सिन्'वर. एवढे कळले असते तर त्या मुलीची जीभ अडखळली नसती, आणि एवढे सांगायला मला अर्धे मिनिटही लागले नसते.

नियमाला नातेवाईकही आहेत आणि अपवादही. शेवटी 'इक' आले तर लघुगुरू न बघता जोर त्याच्या लगेच आधीच्या अक्षरावर द्यायचा : अटॉमिक, सायंटिफिक, फोटोग्रॅफिक, आणि माझा जुना वैरी न्यूक्लिइक. शेवटी 'शन' आले तरी तेच : रेडिएशन, इव्हॅपोरेशन. आणि अपवाद म्हणाल तर अंकगणिताचे 'अरिथ्मेटिक' 'इक'च्या नियमाला जुमानत नाही. त्याचा जोर 'रिथ्'वर.

ॲल्युमिनिअमची तर मजाच आहे. सर हंफ्री डेव्ही यांनी १८१२ साली या धातूचे नाव एक 'आय' कमी ठेवून लिहिले होते. अमेरिकेने ते उचलले, इंग्लंडने 'निअम'वाले रूप पसंत केले. म्हणून इंग्रज म्हणतो अल्-यु-मि-नि-अम आणि जोर देतो 'मि'वर. अमेरिकन म्हणतो अ-लू-मि-नम आणि जोर देतो 'लू'वर. आपल्याला वाटते, दोघांपैकी एक चुकतो. पण शेवटापासून मोजा. दोघेही शेवटून तिसऱ्याच अक्षरावर जोर देत आहेत. एकाच नियमाने दोघेही बरोबर!

दोन प्रकारचे सांधे

एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी लागते. शब्द अर्थासाठी तोडायचा तो सांधा वेगळा आणि उच्चारासाठी तोडायचा तो वेगळा. आपल्याकडे नाही का, समासाचा विग्रह वेगळा आणि वृत्तासाठी अक्षरांची फोड वेगळी?

उत्तम उदाहरण हेलिकॉप्टरचे. म्हणताना आपण 'हे-लि-कॉप्-टर' असे तोडतो. पण अर्थाचा सांधा 'हेलिको' आणि 'प्टर' यांच्या मध्ये आहे. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखे फिरणारे, आणि 'प्टर' म्हणजे ग्रीक भाषेतला पंख. फिरत्या पंखांचे यान. आपल्या संस्कृतातल्या 'पत्र' या शब्दाचा एक अर्थ पंख असाच आहे, आणि हे दोन शब्द एकाच मुळातून आलेले.

मुलांना पडणारा एक नेहमीचा प्रश्नही इथेच सुटतो. न्यूमोनियाच्या स्पेलिंगात सुरुवातीला 'पी' कशाला, जर म्हणायचा नाही तर? ग्रीकांना शब्दाच्या आरंभी 'प्न' म्हणता येत असे. इंग्रजांच्या जिभेला ते जमत नाही, म्हणून त्यांनी 'पी' लिहायचा आणि गिळायचा असे ठरवले. पण झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराला 'स्लीप ॲप्निआ' म्हणतात, तिथे तोच 'प्' स्वच्छ ऐकू येतो. का? तिथे त्याला मागच्या 'ॲ'चा आधार मिळाला : ॲप्-नि-आ. जोडाक्षर दोन अक्षरांत वाटले गेले. 'प्टर'मधला 'प्'ही तसाच, 'कॉ'चा हात धरून वाचला. हे कारण एकदा कळले, की स्पेलिंग पाठ करावे लागत नाही.

घरातल्या घरात हा खेळ सहज खेळता येतो. औषधाची पट्टी घ्या. पॅ-र-सी-ट-मॉल. शेवटून दुसरे 'ट' लघू, जोर 'सी'वर. हे नाव तर एका लांबलचक रासायनिक नावातली अक्षरे वेचून केलेले आहे. पॅरा-ॲसिटिल-अमायनो-फिनॉल यातून 'पॅरा', 'ॲसिट', 'अम' आणि 'ऑल' घेतले की झाले पॅरासिटामॉल. मुलांना हे सांगून पाहा. ती स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावेसुद्धा तोडायला घेतील.

मंगलाष्टकाएवढा शब्द

दरवर्षी अकरावीच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर एकच शब्द लिहीत असे. इंग्रजी शब्दकोशात सापडणारा हा पंचेचाळीस अक्षरचिन्हांचा राक्षस. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेप्रेमींच्या मंडळाचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो मुद्दाम, लांबीसाठीच घडवला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. अर्थ मात्र सरळ आहे. ज्वालामुखीतली अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग. डॉक्टर मंडळी साध्या 'सिलिकोसिस' या शब्दावर भागवतात, आणि दगडखाणीतल्या मजुरांना होणारा तो रोग काही गमतीचा नाही, हेही मी मुलांना सांगत असे.

मग आम्ही तोडायला घेत असू. न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्कॉ-पिक, सि-लि-को, व्होल्-के-नो, को-नि-ओ-सिस. मोजा. एकोणीस.

"एकोणीस अक्षरांचं काय असतं?" मी विचारत असे.

वर्षाआड एखादे तरी पोर उठून सांगे, "शार्दूलविक्रीडित, सर!"

होय. ज्या वृत्तात आपली मंगलाष्टके म्हणतात त्या वृत्ताचा एक चरण एकोणीस अक्षरांचा. त्यात बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभर थांबायचे, आणि मग उरलेली सात. या इंग्रजी शब्दातही 'सिलिको'पाशी बरोबर बारा अक्षरे होतात आणि 'व्होल्केनो'पासून सात उरतात! लघुगुरूचा क्रम काही जुळत नाही आणि स्मिथसाहेबांना शार्दूलविक्रीडित ठाऊक असण्याचे कारण नाही. हा निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगाने माझे काम सोपे होत असे. मी म्हणे, "मांडवात तुमची मावशी, आत्या माईक हातात घेऊन असले चरण एकामागून एक म्हणते. तिला कोणी लांब शब्दाची भीती घातली होती का?" मग सगळा वर्ग बाराव्या अक्षरावर थांबून तो शब्द एका सुरात म्हणे. शेजारच्या वर्गातले शिक्षक दारात येऊन बघत. त्या वेळीही वर्ग हसत असे, पण ते हसणे कोणा एकाला नव्हते.

आता दिवस बदलले. बऱ्याच मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत. फोनला विचारले तर तो कोणताही शब्द म्हणून दाखवतो. तरी एक गोष्ट बदललेली नाही. फोन हसत नाही, माणसे हसतात. उच्चार चांगला म्हणजे विषय येतो असे नव्हे. घडाघडा बोलणारी आणि आत काहीच नसलेली मुले मी पुष्कळ पाहिली. पण उच्चार अडला म्हणून विषय सोडणारी पाहिली, ती माझ्या जास्त लक्षात राहिली.

ती वाडीवरची मुलगी पुढे कधी भेटली नाही. तिचे आर्ट्सला काही वाईट झाले असेल असे मी म्हणत नाही. पण तिने जे सोडले ते तिच्या मर्जीने सोडले नव्हते, आणि त्यात माझा वाटा होता. गुरुजींनी एका पेन्सिलीने जे मला दिले, ते मी तिला द्यायचे राहिलो.

म्हणून सांगणे इतकेच. आपल्या घरातले मूल एखाद्या लांब शब्दापाशी अडखळले तर घाईने शब्द सांगून टाकू नका आणि हसू तर मुळीच नका. जवळ बसा, हातात पेन्सिल द्या आणि म्हणा, "तोडून म्हण. आपल्याला घाई नाही."